हौशी लोकवादकांची ऑनलाइन व्हिडिओ स्पर्धा : रेकॉर्डिंग, नियम आणि गुणांकनाबद्दल सल्ला हवा

ठेका_सातारा

नमस्कार मंडळी,

श्रावणात हौशी लोकवादकांसाठी एक खेळीमेळीची ऑनलाइन व्हिडिओ स्पर्धा घ्यायची आहे. ढोलकी, संबळ, हलगी, डफ, दिमडी, तुणतुणं, पखवाज, घुमट अशी सगळी वाद्यं चालतील. गट दोन : एकल आणि समूह. प्रत्येक व्हिडिओ जास्तीत जास्त ५ मिनिटांचा. साधारण ४० प्रवेशिका येतील असा अंदाज आहे, परीक्षक ३. बक्षीस म्हणजे प्रमाणपत्र आणि विजेत्याच्या वाद्याला नवी पुडी (वाद्याच्या तोंडावरचं कातडं) बसवण्याचा खर्च. प्रवेश फी नाही.

चाचणी म्हणून काही क्लिप मागवल्या, त्यात या अडचणी दिसल्या :

ढोलकीचा पहिला ठेका दणकून येतो आणि पुढच्याच आवर्तनात आवाज खाली बसतो. तुणतुणं समोर वाजताना दिसतं, पण ऐकू येत नाही. हलगीचा आवाज फाटतो. ट्यूबलाइटखाली काढलेल्या व्हिडिओत काळे पट्टे सरकत राहतात.

सगळ्यांकडे साधे मोबाइल आहेत, माइक कुणाकडेच नाही. अशा परिस्थितीत रेकॉर्डिंगच्या काय सूचना द्याव्यात? नियम कसे ठेवावेत? आणि ढोलकीची तुलना तुणतुण्याशी करून गुण कसे द्यायचे?

---

नादब्रह्म_४४०

रेकॉर्डिंगपुरतं लिहितो.

आवाज खाली बसतो तो मोबाइलच्या आपोआप पातळी ठरवणाऱ्या यंत्रणेमुळे. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी जुळवलेला असतो. मोठा आवाज आला की सॉफ्टवेअर पातळी झटकन खाली ओढतं आणि शांतता झाली की हळूहळू वर नेतं. ढोलकीच्या थापेवर पातळी पडते, दोन थापांच्या मधे वर चढते. कान देऊन ऐकलंत तर ‘धिं’ची आस (थापेनंतर घुमत राहणारा नाद) मधेच फुगल्यासारखी ऐकू येते आणि मागचा पंखा प्रत्येक सम संपल्यावर पुढे येतो. अशा क्लिपवरून वादकाचा हात हलका आहे की जड, हे परीक्षकाला कळणारच नाही.

तुणतुण्याचं कारण वेगळं आहे. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा रहदारी, असं गृहीत धरून आवाज-सफाई चालते. तुणतुण्याचा सूरही तसाच अखंड, त्यामुळे तोच कापला जातो.

दोन्हींवर उपाय एकच. अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत अ‍ॅप घ्यायचं. त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ऑडिओ सोर्स असा पर्याय आहे, तिथे ‘अनप्रोसेस्ड’ निवडायचं. काही मोबाइलना ते जमत नाही. तिथे ‘व्हॉइस रेकग्निशन’ लावून बघा, बहुतेक हँडसेटवर त्यात कापाकापी कमी असते. ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ हेही मोफत आहे, आयफोन आणि बऱ्याच नव्या अँड्रॉइडवर चालतं. त्यात आवाजाची पट्टी डोळ्यांसमोर दिसते. सर्वात जोरकस तोडा (बोलांचा तुकडा) वाजवून बघायचा आणि पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहील असं बसायचं. शून्याला टेकली की आवाज फाटला, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर कशानेही सांधता येत नाही.

मोबाइलचं अंतर मी असं सुचवेन :

तुणतुणं किंवा एकतारी आणि गायन : ३ फूट
ढोलकी, दिमडी, पखवाज : ५ ते ६ फूट
संबळ, डफ : ८ ते १० फूट
हलगी : १२ फूट, आणि शक्यतो अंगणात

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. समूहाचा तोलही याच हिशोबाने साधायचा. गायक मोबाइलपासून ३ फुटांवर, ढोलकी ६ फुटांवर, झांज किंवा टाळ सगळ्यांच्या मागे. टाळ पुढे बसले तर बाकी सगळं झाकोळतं. कार्यक्रमाला बसतो तसं एका ओळीत बसू नका, मोबाइलभोवती अर्धवर्तुळ करा.

खोली रिकामी नको. फरशी आणि चार उघड्या भिंती असल्या की ढोलकीची प्रत्येक थाप दोनदा ऐकू येते. खाली सतरंजी, वादकाच्या समोरच्या भिंतीवर दोरीला गोधड्या किंवा जाड चादरी, एवढ्याने खूप फरक पडतो. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर. कव्हर काढून ठेवा, कारण बऱ्याच कव्हरांत खालच्या माइकचं भोक अर्धं झाकलेलं असतं.

काळे पट्टे : आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. व्हिडिओ २५ एफपीएस (सेकंदाला २५ चौकटी) आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. ते जमत नसेल तर दिवसा खिडकीकडे तोंड करून बसा. उजेड पाठीमागून नको.

---

शाई_चाट_मैदान

वरचं सगळं बरोबर. पण श्रावणात स्पर्धा घेताय, म्हणजे अर्धी लढाई दमट हवेशी आहे. वाद्य उतरलेलं असेल तर कितीही चांगलं अ‍ॅप वापरलं तरी काय उपयोग? सूचनापत्रात हे नक्की घाला.

ढोलकी : रेकॉर्डिंगच्या आधी किमान तासभर ज्या खोलीत वाजवायची तिथेच ठेवा. बाहेरून आणून लगेच लावली की दहा मिनिटांत हलते. दोरीच्या ढोलकीत कड्या थोड्या थोड्या सरकवा. नटबोल्टची असेल तर एका बोल्टला अर्धा फेरा, मग त्याच्या समोरच्याला अर्धा फेरा, असं समोरासमोर जात राहा. एकाच बाजूने आवळत गेलं की पुडी तिरकी ताणली जाते आणि चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्ट्यावर) दोन जागी दोन सूर बोलतात. तपासायचं असं : चाटेवर सारख्या अंतरावर आठ ठिकाणी बोटाने हलकं टकटक करा. आठही ठिकाणी एकच सूर आला पाहिजे. शाईच्या (पुडीवरच्या काळ्या लेपाच्या) बाजूला हेअर ड्रायर अजिबात लावू नका. शाईला भेगा पडतात, खपल्या उडतात आणि पुडी कायमची बसते. धुमाच्या (डाव्या, खर्जाच्या बाजूच्या) पुडीला आतून लावलेला मसाला गार हवेत घट्ट होतो, म्हणून आधी पाच-सात मिनिटं मनगटाने नुसता दाब देत घुमारा मोकळा करून घ्यावा.

पखवाज : धुमाला लावायची कणीक ऐनवेळी मळा. फार सैल असेल तर वाजवताना सरकते, फार घट्ट असेल तर कडेने सुटते आणि ‘धा’ला फडफड येते. आवाजावर समाधान होईपर्यंत थोडी थोडी वाढवत जा. वाजवून झाल्यावर ओल्या कापडाने लगेच काढा. पावसाळ्यात रात्रभर राहिली तर कातड्याला बुरशी धरते.

हलगी : चामड्याची असेल तर शेकल्याशिवाय बोलणार नाही. विस्तवावर थेट धरायची नाही. हातभर लांब, तिरकी धरून फिरवत राहायची आणि मधून मधून टिपरूने आवाज बघायचा. पावसाळी हवेत ती लवकर उतरते, म्हणून मोबाइल लावून, सगळं जुळवून झाल्यावरच शेवटी शेका आणि लगेच रेकॉर्ड करा. फायबरच्या हलगीला शेकावं लागत नाही. नियमात दोन्ही चालू द्या, पण अर्जात ‘चामडं की फायबर’ असा रकाना ठेवा. फायबरचा आवाज कायम टणक असतो, आणि शेकून आणलेल्या चामड्याची खणखण ही वादकाची तयारी आहे. परीक्षकाला हा फरक माहीत असला पाहिजे.

संबळ : दोन्ही भांड्यांच्या सुरांतलं अंतर लोक विसरतात. लहान, उंच आवाजाचं भांडं चढवलं आणि मोठं तसंच सोडलं की वाकड्या काठीचा घुमणारा आवाज नुसता भदाभदा येतो. लावताना आधी मोठं, मग लहान.

आणि अर्जात पट्टी (गायकाचा मूळ सूर, पेटीच्या पट्टीनुसार) विचारा : काळी एक, पांढरी चार, काळी पाच, जी असेल ती. ढोलकी गायकाच्या षड्जाला किंवा पंचमाला जुळली आहे का, हे परीक्षकाला झटकन तपासता येतं.

---

घुमटाचा_नाद

घुमटाचं माझ्याकडून जोडा. घुमटाला दोन तोंडं असतात. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. डावा हात ते उघडं तोंड झाकतो-उघडतो आणि त्यातूनच आवाज खालीवर होतो. मोबाइल फक्त कातड्यासमोर ठेवला तर नुसती टपटप येते. वादकाला किंचित वळवून बसवा, म्हणजे मोबाइलला दोन्ही तोंडं बाजूने दिसतील. अंतर ५ फूट. डाव्या हाताची हालचाल चित्रात आलीच पाहिजे, कारण अर्धं कसब तिथे आहे.

एक नियम मात्र ठळक लिहा. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घोरपड पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे तिला सर्वात कडक संरक्षण आहे. आता बकऱ्याचं कातडं वापरतात. गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेही बकऱ्याच्या कातड्याचा मार्ग निघाल्यावर. घरातलं जुनं घोरपडीचं घुमट हौसेने व्हिडिओत वाजवून सगळ्या जगापुढे ठेवणं त्या वादकालाच अडचणीत आणेल. ‘फक्त बकऱ्याच्या कातड्याची घुमटं’ असं स्पष्ट लिहा.

---

हिशोब_टाळकरी

प्रवेशिका गोळा करणं आणि गुण, या दोन्हींवर.

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने मागवू नका. तिथे चित्राबरोबर आवाजही दाबला जातो, आणि झांज, चिपळ्या पाण्याखाली वाजल्यासारख्या ऐकू येतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर मूळ फाइल जशीच्या तशी येते, मर्यादा २ जीबी.

गूगल फॉर्मवरून फाइल मागवायचा विचार असेल तर आधी जागा मोजा. १०८० पी, ३० एफपीएसचा व्हिडिओ मिनिटाला साधारण १२५ मेगाबाइट घेतो. ५ मिनिटांचे ६२५, असे ४० म्हणजे २५ जीबी. फॉर्म ज्याच्या खात्याचा, त्याच्या ड्राइव्हमधून ही जागा जाते आणि मोफत मिळते ती १५ जीबी. म्हणजे पंचविसाव्या प्रवेशिकेच्या आसपास फॉर्म बंद पडणार, तेही शेवटच्या रात्री, कारण सगळे तेव्हाच पाठवतात. त्यापेक्षा स्पर्धकाने स्वतःच्या यूट्यूब खात्यावर ‘अनलिस्टेड’ (फक्त लिंक असणाऱ्यालाच दिसेल असं) टाकावं आणि फॉर्ममध्ये फक्त लिंक द्यावी. ‘प्रायव्हेट’ केलं तर परीक्षकांना उघडणार नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहा. मुलांच्या व्हिडिओला ‘मेड फॉर किड्स’ लावलं की खालच्या प्रतिक्रिया बंद होतात. एरवी ते बरंच आहे, पण प्रतिक्रियांतून दाद द्यायची योजना असेल तर लक्षात ठेवा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या.

यूट्यूब फार मोठ्या आवाजाचे व्हिडिओ खाली आणतं, पण हळू आवाजाचे वर नेत नाही. त्यामुळे लांबून रेकॉर्ड केलेली हलगी बिचकल्यासारखी वाटू शकते. परीक्षकांनी प्रत्येक व्हिडिओला आवाज हाताने सारखा करून घ्यावा आणि मगच गुण द्यावेत. ऐकायचं हेडफोनवर. मोबाइलच्या स्पीकरमधून धुमाचा आणि घुमटाचा खर्ज येतच नाही, मग परीक्षक म्हणणार डावा हात कच्चा आहे!

आता गुण. वाद्यं वेगवेगळी असली तरी कसोट्या समान ठेवता येतात. मी १०० गुण असे वाटेन : लय आणि ताल ३०, वाद्याचा लागलेला नाद आणि सूर २५, परंपरेतल्या बोलांची आणि ठेक्याची जाण २५, साथसंगत किंवा एकल असल्यास मांडणी २०. चित्रीकरणाला शून्य. पोशाखाला शून्य. लाइकला तर शून्याहून शून्य! लाइक मोजले की ज्याचं गाव मोठं तो जिंकतो.

लयीच्या गुणांत एक खुलासा लिहा : पोवाडा, गोंधळ, जागरण यांत लय चढत जाणं हा दोष नाही, तीच रीत आहे. बघायचं असं की लय ठरवून चढवली की हातातून सुटली. ठरवून चढवलेली लय तोड्यानंतर किंवा झील (साथीदारांनी उचललेली ओळ) संपल्यावर एक पायरी वर जाऊन तिथे टिकते. सुटलेली लय अवघड बोल आला की मागे येते आणि सोपा आला की पळते.

तीन परीक्षकांचे गुण थेट मिळवू नका. एक जण ५५ ते ७० देतो, दुसरा ८० ते ९५. ज्याच्या गुणांत अंतर जास्त, त्याच्याच मताने निकाल लागतो. प्रत्येकाच्या गुणांवरून आधी क्रमांक काढा आणि क्रमांकांची बेरीज करा. उदाहरणार्थ, एका स्पर्धकाला तिघांकडे २, १, ४ म्हणजे ७. दुसऱ्याला १, ५, ३ म्हणजे ९. पहिला वर. बेरीज सारखी आली तर लय आणि तालाचे गुण बघा.

४० व्हिडिओ म्हणजे २०० मिनिटं, सलग ऐकण्यासारखं काम नाही. दोन बैठकी करा, आणि तिघांना यादी वेगवेगळ्या क्रमाने द्या, म्हणजे कुणा एकाचाच व्हिडिओ तिन्ही परीक्षकांच्या थकलेल्या कानांवर पडणार नाही.

---

ठेका_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका अजून आहेत. एक, बडोदा आणि बेळगावमधले काही जण आमच्याकडच्या गायकांबरोबर एकत्र वाजवू इच्छितात, आपापल्या घरून. हे कसं करायचं? दोन, गाणी कुठली चालतील? यूट्यूबवर हक्काचा दावा येईल का?

---

नादब्रह्म_४४०

झूम किंवा गूगल मीटवर एकत्र वाजवणं सोडून द्या. आवाज पोचायला लागणारा वेळ कमी-जास्त होत राहतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. त्यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशीर झाला की पाव मात्रेपेक्षा जास्त चूक. वेगवेगळं रेकॉर्ड करून जोडणं हाच मार्ग. (बोलण्यासाठी म्हणून झूमवर वाद्य ऐकवायचं असेल तर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा, नाहीतर तुणतुणं तिथेही कापलं जाईल.)

क्रम असा ठेवा. आधी संबळ किंवा ढोलकीवाल्याने पूर्ण गाणं, शब्द मनाशी किंवा हळू आवाजात म्हणत, सलग वाजवून रेकॉर्ड करायचं. सुरुवातीला चार मोठ्या टाळ्या, मग एक आवर्तन रिकामं. मेट्रोनोम लावू नका, चढत्या लयीचा जीव जातो. हाच सगळ्यांचा मार्गदर्शक. मग मुख्य गायक तो इअरफोनवर ऐकत गातो. मग तुणतुणं. झीलकरी सर्वात शेवटी, कारण त्यांना गायकाचा श्वास कुठे तुटतो ते ऐकावं लागतं.

इअरफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथमध्ये पुन्हा तेवढाच उशीर लागतो. एका कानात इअरफोन, दुसरा कान मोकळा, आणि मार्गदर्शकाचा आवाज कमी, नाहीतर तो माइकमध्ये पाझरतो. प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर त्याच चार टाळ्या मार्गदर्शकाबरोबर वाजवायच्या. जोडणारा माणूस लहरींच्या आलेखावर टाळ्यांची टोकं जुळवतो.

तरीही तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ओठ आणि आवाज सुटू लागले तर कारण बहुधा हे : मोबाइल व्हिडिओतल्या चौकटींचा वेग कमी-जास्त करत राहतो. जोडण्याआधी प्रत्येक फाइल ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करून घ्या. शेवटीही एक टाळी वाजवून घेतली तर किती घसरलं ते लगेच कळतं.

हा गट वेगळा ठेवा. सलग, एका कॅमेऱ्याने, न कापता घेतलेल्या व्हिडिओबरोबर त्याची तुलना अन्यायाची होईल.

---

हिशोब_टाळकरी

गाण्यांच्या हक्काबद्दल : आपल्याकडे कवी किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. संतांचे अभंग, जुन्या गवळणी, ज्यांचा कर्ता माहीत नाही अशी जात्यावरची किंवा गोंधळाची गीतं मोकळी आहेत. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यांच्या रचना २००६ पासून मोकळ्या. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या रचना २०२९ अखेरपर्यंत हक्कात आहेत, त्यांना परवानगी लागते.

फसगत चालींत होते. अभंगाचे शब्द साडेतीनशे वर्षांपूर्वीचे असले तरी सगळ्यांच्या ओठावरची चाल गेल्या शतकातल्या संगीतकाराची असू शकते, आणि ती चाल हक्कात असते. म्हणून नियम असा लिहा : ‘पारंपरिक शब्द, पारंपरिक किंवा स्वतःची चाल. चाल कुणाकडून शिकलात ते अर्जात लिहा.’ मागे रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावायला पूर्ण बंदी. यूट्यूबचा दावा सर्वात जास्त त्यावरच येतो.

---

ठेका_सातारा

नोटीस अशी करतोय, बघून सांगा :

‘एका मोबाइलने, सलग, न कापता काढलेला व्हिडिओ. ५ मिनिटं. आवाजावर नंतर कोणताही परिणाम चढवू नये. वाद्य, पट्टी, चामडं की फायबर, चाल कुणाकडून, हे अर्जात लिहावे. घरोघरीचे एकत्र जोडलेले व्हिडिओ वेगळ्या गटात. लिंक अनलिस्टेड. अंतिम मुदत १५ तारखेला रात्री १२.’

---

शाई_चाट_मैदान

दोन बदल करा. ‘५ मिनिटं’च्या आधी लिहा की लावलेलं वाद्य ऐकवायला सुरुवातीची १५ सेकंदं वेगळी, ती वेळेत धरणार नाही. ढोलकीवाल्याने चाटेवरून एक फेरी, तुणतुणंवाल्याने नुसती तार, संबळवाल्याने दोन्ही भांडी. लावणं कसं आहे ते परीक्षकाला तिथेच कळतं.

आणि ‘१५ तारखेला रात्री १२’ म्हणजे १४ संपताना की १५ संपताना, यावर हमखास वाद होतो. ‘१५ तारीख, रात्री ११:५९, भारतीय वेळ’ असं लिहा. परदेशातून कुणी पाठवणार असेल तर त्यांनाही सोयीचं.